दानेश्वरीचा फोरहँड

तिसरी बादली संपत आली होती आणि दानेश्वरीचा फोरहँड अजून नेटमध्येच जात होता.

बादली म्हणजे चेंडूंची. एका बादलीत साठ-सत्तर जुने चेंडू मावतात. कोच नेटजवळ उभा राहून एकेक चेंडू मुलाकडे टाकतो आणि मूल तो मारून परत पाठवतं. याला आम्ही फीडिंग म्हणतो. एखादा फटका बसत नसेल तर त्याच फटक्याच्या दोन-तीन बादल्या करायच्या, हा जुना उपाय. मलाही माझ्या सरांनी तोच शिकवला होता.

"परत," मी म्हणाले. तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि परत जागेवर जाऊन उभी राहिली.

बाकावर तिचे वडील, शिवराज अण्णा, मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढत होते. बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक भागात एका गोदामावर ते सुपरवायझर आहेत. रोज पावणेसहाला मुलीला स्कूटरवरून सोडायचे आणि सव्वासातला न्यायला यायचे. त्या दिवशी मात्र पूर्ण वेळ थांबले होते.

"मॅडम, बॅकहँड चांगला जायलाय की," ते म्हणाले. "मग फोरहँडच कामून बसंना?"

"सराव कमी पडतोय अण्णा. हात सैल सोडते ती."

"घरी भिंतीवर मारून घेऊ का रोज शंभर?"

"घ्या."

एवढंच बोलून मी चौथी बादली भरायला घेतली. दहा वर्षांची पोर. दीड वर्ष माझ्याकडे येत होती, एकही दिवस न चुकवता. तिच्यात काय कमी होतं ते मला ठाऊक आहे अशी माझी खात्री होती. मेहनत कमी होती.

मी बिदरमधल्या एका शाळेत पीटी टीचर आहे. कॉलेजात असताना गुलबर्ग्याला युनिव्हर्सिटीकडून टेनिस खेळले. आता त्या गावाला कलबुर्गी म्हणतात, पण माझ्या तोंडात जुनंच नाव बसलंय. गेली बारा वर्षं सकाळी शाळेआधी मुलांची बॅच घेते. एका जुन्या क्लबच्या मागं मुरुमाची दोन कोर्टं आहेत. महबूबचाचा आदल्या संध्याकाळी पाणी मारून रूळ फिरवतात, पहाटे चुन्याच्या रेषा आखतात. एप्रिल-मेमध्ये आठनंतर इथं उभं राहवत नाही, म्हणून पावणेसहा ते सव्वासात ही वेळ. मराठी, कानडी, दखनी, ज्याला जे येतं त्यात मुलं बोलतात. स्कोअर तेवढा सगळे इंग्रजीत सांगतात.

पाच आठवड्यांनी कलबुर्गीला बारा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती. शिवराज अण्णांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "दोन राउंड निघाले तर पुढं चालू ठेवू मॅडम. न्हाई तर जूनपासून सकाळची ट्यूशन लावावं म्हणतोय. तिची आई बी तेच म्हणायलीय." त्यांचं काही चुकत नव्हतं. पहाटे पाचला उठून मुलीला आणायचं, रात्रपाळी असली तर झोप न घेता. त्याचं काहीतरी दिसावं असं कुणालाही वाटेल.

दानेश्वरीचा खेळ विचित्र होता. टेनिसमध्ये उजव्या हाताच्या खेळाडूला उजवीकडे आलेला चेंडू मारायचा तो फोरहँड. डावीकडे आलेला, हात अंगावरून नेऊन मारायचा तो बॅकहँड. हल्ली बहुतेक मुलं बॅकहँड दोन्ही हातांनी रॅकेट धरून मारतात. लहान मुलांना साधारणपणे फोरहँड लवकर येतो आणि बॅकहँड रडवतो. हिचं उलटं होतं. हिचा दोन हातांचा बॅकहँड बघायला शेजारच्या कोर्टवरचे मोठे लोकही थांबायचे. फोरहँड मात्र कुऱ्हाड चालवल्यासारखा. सर्व्हिसचंही तसंच. सर्व्हिस करताना एका हातानं चेंडू वर उडवायचा आणि दुसऱ्या हातातल्या रॅकेटनं मारायचा. तिचा चेंडू इतका सरळ वर जायचा की मी इतर मुलांना तिच्याकडे बघायला सांगायचे. मग रॅकेट यायची आणि सगळं बिघडायचं.

मी तिला कधी ओरडले नाही. पण "लक्ष कुठंय दानू?" हे दिवसातून चार-पाच वेळा तरी म्हणत असेन.

शनिवारी आमच्याकडे रॅकेट बंद असते. तो खेळाचा दिवस. मुलं रोज तेच ते करून कंटाळतात, म्हणून मी ही पद्धत ठेवली. पळापळी, साखळी, विषामृत, काहीही. त्या शनिवारी लगोरी होती. बिदरच्या लाल दगडाच्या सात चपट्या ठिकऱ्या चाचांनी जमवून दिल्या होत्या आणि चेंडू तर आमच्याकडे पडलेलेच. सोळा मुलांचे दोन गट केले.

तिसऱ्या डावात लगोरी फुटली. चेंडू घरंगळत पार मागच्या रेषेबाहेर कुंपणापाशी गेला. समोरच्या गटातला आदर्श नावाचा मुलगा दगड रचत होता. सहा झाले होते. सातवा हातात. मुलं ओरडत होती. दानेश्वरी कुंपणाकडे पळाली, चेंडू उचलला आणि पळतापळता वळून फेकला. वीस पावलांवरून. आदर्शच्या पाठीत मधोमध बसला. दगड त्याच्या हातातून पडला.

तिच्या गटातल्या मुलांनी तिला घेरलं. मी मात्र जागेवरच उभी होते. ती फेक माझ्या डोळ्यांपुढून जाईना. अंग आडवं, कोपर वर, खांद्यातून हात मोकळा सुटलेला. सर्व्हिस म्हणजे दुसरं काही नसतं, ती एक फेकच असते. हेच मी तिला दीड वर्ष शिकवत होते आणि तिला येत नव्हतं. आणि आता तिनं ते न सांगता करून दाखवलं होतं.

डाव्या हातानं.

तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. लगेच तो हात तिनं पाठीमागं नेला.

मुलं गेल्यावर मी चाचांना विचारलं. ते रूळ बाजूला लावत होते.

"चाचा, दानेश्वरी डावखुरी आहे का?"

"हौ मॅडम. मैं तो पैले दिन से देखरौं. बोतल का ढक्कन बाएँ हात से खोलती, झाडू बाएँ हात में पकडती."

"मग बोलले कायकू नै?"

"तुम पूछे कब?" चाचा म्हणाले आणि नळ बंद करायला गेले.

त्या दिवशी शाळेत माझा चौथा तास रिकामा होता. स्टाफरूममध्ये बसून मी सगळं परत जुळवलं. दोन हातांचा बॅकहँड उजव्या हाताचा खेळाडू मारतो तेव्हा खरी ताकद डाव्या हाताची लागते. तो म्हणजे एका अर्थी डाव्या हाताचा फोरहँडच. तिचा बॅकहँड चांगला होता तो यामुळे. सर्व्हिसला चेंडू उडवते तो डावा हात. तो सरळ जायचा तो यामुळे. जे जे डाव्या हाताचं होतं ते ते उत्तम आणि उजव्या हाताचं ते सगळं वाईट. दीड वर्ष ही गोष्ट माझ्यासमोर रोज सकाळी दीड तास घडत होती. मी बादल्या वाढवत होते.

सोमवारी सराव संपल्यावर मी तिला थांबवलं. अण्णांना यायला दहा मिनिटं होती. न सांगता मी तिच्याकडे चेंडू फेकला. तिनं डाव्या हातानं झेलला आणि झटकन उजव्या हातात घेतला.

"दानू, रॅकेट डाव्या हातात धर बरं."

तिनं फाटकाकडे बघितलं.

"कुणी बघत नाही. पाच चेंडू टाकते. नाही गेले तर नाही गेले."

पहिला नेटमध्ये गेला. दुसरा कुंपणाबाहेर. तिसरा रॅकेटच्या मधोमध बसला. चेंडू नीट बसला की एक ठाम आवाज येतो, तो डोळे मिटूनही ओळखू येतो. उजव्या हातानं तिच्याकडून तसा आवाज मी क्वचितच ऐकला होता. चौथा आणि पाचवाही आत पडला.

"कुठल्या हातानं बरं वाटतं?"

"ह्या."

"मग इतके दिवस उजव्यानं कामून खेळतेस? कुणी सांगितलं?"

"तुम्हीच," ती म्हणाली. "पैल्या दिवशी रॅकेट तुम्हीच हातात दिलात की."

ते खरं होतं. प्रत्येक नव्या मुलाच्या उजव्या हातात मी रॅकेट देते आणि बोटं कुठं ठेवायची ते दाखवते. तिनं काही म्हटलं नाही, मी काही विचारलं नाही.

"आणि घरी?"

"घरी सगळं उजव्यानंच. लिहायचं बी, जेवायचं बी. डावा हात चांगला न्हाई म्हणतेत पप्पा." मग खालच्या आवाजात, "मॅडम, पप्पाला सांगू नका."

खरं तर त्याच दिवशी, स्कूटर आल्या आल्या सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. स्वतःची समजूत अशी घातली की आधी नीट खात्री करून घेऊ. पण खात्री झालेली होती. पालकाला कसं सांगायचं की तुमच्या मुलीला मी दीड वर्ष चुकीच्या हातानं शिकवलं, हे मला सुचत नव्हतं. आणि स्पर्धा चार आठवड्यांवर आली होती.

पुढचे तीन दिवस मी तिला मागच्या कोर्टवर नेलं. लहान मुलांचे मऊ चेंडू असतात, ते कमी उसळतात आणि हळू येतात. ते घेऊन छोट्या जागेत, डाव्या हातानं. बाकीच्या मुलांना सांगितलं की दानूचं उजवं मनगट दुखतंय. ते पुरतं खोटंही नव्हतं. विचारल्यावर तिनं कबूल केलं की महिनाभर दुखत होतं. घरी भिंतीवर शंभर मारायला लावल्यापासून जास्त.

चेंडू बरेच चुकत होते. पण चुकला की ती हसायची आणि पुढचा मागायची. दीड वर्षात तिनं कधी चेंडू मागितलेला मला आठवत नाही.

गुरुवारी स्कूटर लवकर आली. मागं एक म्हातारे गृहस्थ बसलेले, धोतर, डोळ्यांवर काळा चष्मा. शिवराज अण्णांचे वडील. मादन हिप्परग्याला, गावी, शेती करतात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस मुलाकडे आले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. नात कशी खेळते ते बघायचं म्हणून आलेले.

मी पाठमोरी होते. दानेश्वरीनं रॅकेट खाली टाकली तेव्हा मला कळलं.

"हे काय चाललंय मॅडम?" शिवराज अण्णांनी विचारलं.

"अण्णा, ती डावखुरी आहे."

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणते. मला आधीच कळायला पाहिजे होतं. उजव्या हातानं तिचा खेळ पुढं जाणार नाही."

"दीड वर्ष तुम्ही काय बघितलं मग?"

"बघितलं नाही. माझी चूक आहे ती."

"चूक तुमची आन शिक्षा पोरीला? चार आठवडे राहिलेत. आता पहिल्यापासून सुरू करायचं का?" ते आवाज चढवून बोलत नव्हते. त्यामुळं मला ते जास्त लागलं. "आन मला न विचारता. लपवून."

दानेश्वरीला त्यांनी स्कूटरवर पुढं उभं केलं. "कलबुर्गीला रविवारी दुसरे एक सर शिकवतेत म्हणं. बघतो," एवढं बोलून ते गेले.

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही. बॅचमधल्या मुलांनी विचारलं तर मी म्हणाले, मनगट दुखतंय.

त्या शनिवारी साडेसहाच्या सुमारास फाटकातून अप्पा आत आले. एकटे, काठी टेकत. घर तिथून किलोमीटरभर असेल. चाचांनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. मी मुलांना खेळायला लावून त्यांच्याजवळ गेले.

"पोरगी दोन दिस झालं बोलंना," अप्पा म्हणाले. "जेवताना हाताकडं बघत बसती. मॅडम, एक खरं सांगा. डाव्या हातानं ती चांगलं खेळती का?"

"आत्ता नाही अप्पा. आत्ता चुकतंय खूप. पण पुढं चांगलं होईल. उजव्यानं होणार नाही."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला. शिवराज अण्णा घाबरेघुबरे होऊन आत आले. मागं दानेश्वरी, घरच्या कपड्यांत, पायात चप्पल. आंघोळ-पूजा आटोपून बघतात तर अप्पा अंथरुणात नाहीत, सगळी गल्ली शोधून इथं आलेले.

"अप्पा, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. एकटे कामून आलात? कुठं पडला असतात तर?"

"पडलो न्हाई. बस."

"चला घरी."

"बस म्हणलो ना."

अण्णा बसले. मी उठायला लागले तर अप्पांनी हातानंच मला थांबायला सांगितलं.

"पोरीला डाव्या हातानं खेळू दे," ते म्हणाले.

"अप्पा, आपल्या घरात एक वळण हाय. आज खेळंल, उद्या पंगतीत डाव्या हातानं वाढंल. लोक काय म्हणतील?"

"सकाळी लिंग कुठल्या हातावर घेतलास?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लिंगायत घरांत रोज आंघोळीनंतर गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करतात. लिंग असतं डाव्या तळहातावर. उजव्या हातानं विभूती, फूल वाहायचं. शिवराज अण्णांच्या कपाळावरची विभूती अजून ओली होती.

त्यांचा हात शर्टावरून गळ्यातल्या लिंगाकडे गेला.

"सांग की."

"डाव्या."

"मग देव धरायला चालणारा हात खेळायला कसा चालंना?"

"ती पूजा हाय अप्पा. त्याची तऱ्हा येगळी. ह्याची येगळी."

मला वाटलं विषय इथं संपला. अप्पांनी चष्मा काढून डोळ्याखालचं पाणी उपरण्यानं पुसलं, ते ऑपरेशनचं होतं की कशाचं मला सांगता येणार नाही.

"तू चार वर्साचा व्हतास," ते म्हणाले. "डाव्या हातानं भाकर मोडायचास. मी तुझ्या हाताला फडकं बांधायचो. तू रडायचास. तुझी माय सोडायची, मी परत बांधायचो. दोन महिने चाललं ते."

"मला आठवत न्हाई."

"मला आठवतंय."

शिवराज अण्णा कोर्टकडे बघत राहिले. मुलं विषामृत खेळत होती. दानेश्वरी स्कूटरला टेकून उभी होती, जवळ यावं की नाही हे तिला कळत नव्हतं.

मग ते माझ्याकडे वळले. आवाज कामावरच्या माणसासारखा.

"स्पर्धेचं काय करायचं?"

"नाव मागं घेता येईल. किंवा डाव्या हातानं खेळेल आणि हरेल."

"एक राउंड तरी?"

"नाही निघणार."

"आन उजव्या हातानं खेळली तर?"

इथं मला हवं ते सांगता आलं असतं, पण जे खरं तेच सांगितलं. "एक राउंड कदाचित निघेल. पुढच्या वर्षी तेवढंही नाही. आणि तिचं मनगट दुखतंय अण्णा. तिनं तुम्हाला सांगितलं नाही. मलाही विचारेपर्यंत सांगितलं नव्हतं."

त्यांनी दानेश्वरीला हाक मारली. ती आली.

"मनगट दुखतंय?"

तिनं मान डोलावली.

"सांगितलं कामून न्हाईस?"

तिनं वडिलांकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"खेळायचंय का बंद करायचंय?"

"खेळायचंय."

"कुठल्या हातानं?"

तिनं हात वर केला नाही. डाव्या हाताची बोटं तेवढी हलवली. अण्णांनी ती बघितली.

"मॅडम, आज बूट न्हाईत तिच्या पायात," ते म्हणाले. "सोमवारपासून आणतो." आणि अप्पांना धरून उठवायला लागले. अप्पा म्हणाले, मला मुलांचा खेळ बघायचाय, तू जा. मग ते दोघंही सव्वासातपर्यंत बसले आणि दानेश्वरी चप्पल काढून अनवाणीच विषामृत खेळली.

पुढचं काम सोपं नव्हतं. हात बदलला की फक्त हात बदलत नाही. पाय कुठला पुढं टाकायचा, अंग कुठल्या बाजूला वळवायचं, सगळं उलटं करावं लागतं. मला स्वतःला डाव्या हातानं मारता येत नाही, त्यामुळं दाखवायचं कसं हा प्रश्न होता. मी तिच्यासमोर तोंड करून उभी राहायचे आणि म्हणायचे, आरशात बघतेस असं समज. पहिल्या दोन आठवड्यांत तिच्याहून लहान मुलांनी तिला हरवलं. तिनं एकदा रॅकेट आपटली. मी तिला ओरडले नाही, कारण ओरडायचा अधिकार माझ्याकडे फारसा उरला नव्हता. मनगट बरं होईपर्यंत बॅकहँडसुद्धा बंद ठेवला. सर्व्हिस मात्र आठ दिवसांत सुधारली. फेक तिची होतीच, फक्त चेंडू उडवायला उजवा हात शिकवायचा होता.

कलबुर्गीला आम्ही पहाटेच्या बसनं गेलो. मी, अण्णा आणि ती. बारा वर्षांखालच्या सामन्यांत अंपायर नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते खेळणाऱ्या मुलानंच सांगायचं असतं. पालकांनी कुंपणाबाहेरून तोंड उघडायचं नाही. शिवराज अण्णा कुंपणाची जाळी धरून उभे होते.

समोरची मुलगी हिच्यापेक्षा वीतभर उंच होती. सामना एकाच सेटचा, अर्ध्या तासात संपला. सहा-एक.

एक गेम मिळाला तो कसा मिळाला हेही सांगते, नाहीतर उगाच चमत्कार वाटेल. डावखुऱ्या खेळाडूची सर्व्हिस उलट्या बाजूला वळते. रोज उजव्या हाताच्या मुलींशी खेळणाऱ्याला ती सवयीची नसते. समोरच्या मुलीनं तीन वेळा चुकीच्या बाजूला पाऊल टाकलं आणि चौथ्यांदा चेंडू नेटमध्ये मारला. पुढच्या गेमपासून तिला ते कळलं. तेवढंच.

दानेश्वरी बाहेर आली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मॅडम, ती मुलगी मला विचारली, तू लेफ्टी हायस का. मी म्हणलं व्हय." एवढं सांगून बाटलीतलं पाणी प्यायली.

अण्णांनी घरी फोन लावला. पलीकडे अप्पा असावेत. "हरली," ते म्हणाले. "सहा-एक. न्हाई, रडंना. बरी हाय. भूक लागली म्हणायलीय." फोन ठेवून मला म्हणाले, "ट्यूशन संध्याकाळची लावतो मॅडम. सकाळ राहू द्या हिला."

याला आता दोन वर्षं होत आली. दानेश्वरी कुठली चॅम्पियन वगैरे झालेली नाही. मागच्या हंगामात दोन राउंड जिंकली, तिसऱ्यात हरली. फोरहँड तिचा आता भरवशाचा फटका आहे. बॅकहँड पूर्वीइतका चांगला राहिला नाही, तो आता तिला रडवतो, जसा सगळ्या मुलांना रडवतो. लिहिते ती उजव्या हातानंच. ते बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही, अक्षरही चांगलं आहे. अप्पांची दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रियाही झाली. त्या वेळी ते महिनाभर होते आणि रोज बाकावर येऊन बसायचे.

माझ्या बाजूनं मी दोन गोष्टी केल्या. एक, नवीन मूल आलं की पहिला आठवडा रॅकेट देत नाही. फेकाफेकी, झेलाझेली करायला लावते आणि बघते. विचारून कळतंच असं नाही, कारण मुलं मोठ्यांना आवडेल ते उत्तर देतात. दुसरी गोष्ट, स्पर्धेहून आल्यावर सगळ्या पालकांना एका सकाळी बोलावून जे झालं ते सांगितलं. आडून कानावर जाण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असा हिशेब होता. बहुतेकांनी ऐकून घेतलं. दोन घरांनी पुढच्या महिन्यात मुलं काढून घेतली. त्यातल्या एका बाईंनी तोंडावर सांगितलं की ज्यांना दीड वर्ष हात ओळखता आला नाही त्यांच्याकडे मुलगा कशाला पाठवायचा.

मला वाईट वाटलं. पण त्यांना काय चुकीचं म्हणणार? मी त्यांच्या मुलाचा प्रवेशाचा अर्ज फाइलमधून काढला आणि त्या जागी नव्यानं आलेल्या मुलाचा लावला.